नंतरचं बटण

माझ्या कॉम्प्युटरवर एक जुनापुराणा ब्राउझर होता आणि तो मी बदलत नाही म्हणून मला पुष्कळांनी शहाणपण शिकवलं. बँकेतल्या मुलीने शिकवलं, गॅस नोंदवायच्या पानाने लाल अक्षरांत शिकवलं, आणि पेन्शनच्या कामासाठी गेले तेव्हा खिडकीतल्या गृहस्थाने अक्षरशः हात जोडून शिकवलं. सगळ्यांचा सूर एकच, की मावशी, जमाना कुठे गेला आणि तुम्ही कुठे राहिलात. मी म्हणायचे, मी पनवेललाच आहे, जमाना कुठे गेला ते त्याला विचारा.

लोकांची समजूत अशी, की म्हाताऱ्या माणसांना नव्याचा कंटाळा असतो, नाहीतर धास्ती असते. असेलही कुणाला. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. खटखट वाजणारं मशीन, मग विजेवरचं, मग कॉम्प्युटर, सगळं हाताखालून घातलं आणि साहेबांच्या शुद्धलेखनासकट निभावून नेलं. मला नव्याची भीती कसली. माझ्या त्या जुन्या ब्राउझरमध्ये माझी ताई होती. एवढंच कारण होतं, पण बँकेच्या रांगेत उभं राहून ते कुणाला सांगायचं?

आम्ही पनवेलचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. वडील मूळचे आपट्याचे. त्यांच्या आज्याचा तिथे पाताळगंगेच्या काठी तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. पुढे घाणा गेला, पोरं शिकली, पनवेलच्या आळीत राहायला आली, कचेऱ्यांत लागली. मी लहान होते तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी आळीतल्या घराघरांत खोबरेल तेलाचे दिवे लागायचे. आता आमची म्हणावीत अशी घरं शोधावी लागतात. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला मुंबईला फोन करावे लागतात.

वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना एकाच वेळी टायपिंगच्या क्लासला घातलं. क्लास बाजारात, एका कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर होता. उन्हाळ्यात वर पत्रा तापायचा आणि खाली दुकानदार दणादण तागे आपटायचा. आमचे सर कडक. धडे जरा हातात बसले की ते आमच्या हातांवर फडकं टाकायचे, म्हणजे कळा दिसू नयेत. बोटांना बघू द्या, डोळ्यांना रजा द्या, असं त्यांचं म्हणणं. मराठी मशीनवर जिथे क असतो तिथेच इंग्रजी मशीनवर डी असतो, र तिथे जे, काना तिथे के. आम्ही दोन्ही परीक्षा दिल्या, त्यामुळे प्रत्येक बोटाला दोन दोन अक्षरं तोंडपाठ. माझा वेग जास्त होता आणि ताईच्या चुका कमी. कमी म्हणजे नाहीतच. एक काना सुटला तरी ती अख्खा कागद ओढून काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी म्हणायचे, एका कान्याने काय आभाळ कोसळतंय? ती म्हणायची, चुकलेलं दुसऱ्याला वाचायला द्यायची मला लाज वाटते.

लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत ती नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली. आळीतली माणसं तेव्हा जातच होती. आज या घरचा निरोप समारंभ, उद्या त्या घरचा. मी का गेले नाही, हे मला लोक अजून विचारतात. आधी नोकरी होती, मग आईचं आजारपण, मग वडिलांचं. दोघांना इथल्या मातीत ठेवल्यावर उठून जावंसं वाटेना. लग्नाचं म्हणाल तर आमच्यातले मुलगे आधी विमानात बसायचे आणि मुलींचं नंतर बघू म्हणायचे. त्यातलं नंतर काही आलं नाही.

पुढे इंटरनेट आलं तेव्हा आमच्याच आळीतल्या एका गृहस्थाने, तोही तिकडे स्थायिक झालेला, कोकणातून गेलेल्या आपल्या माणसांसाठी एक वेबसाइट काढली. तीत निरोपांचं एक पान होतं. कुणीही यावं, चौकटीत लिहावं, सगळ्यांनी वाचावं. तेव्हा इंटरनेटवर मराठी उमटवणं म्हणजे खटपटच होती. त्याने टायपिंग मशीनच्या कळांवर बसवलेली अक्षरं घेतली आणि अशी युक्ती केली, की पान उघडलं की त्याच्याबरोबर ही अक्षरंही आपोआप यावीत. ही युक्ती फक्त त्या एका ब्राउझरला कळायची. तेव्हा सगळ्यांकडे तोच होता, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ताईची आणि माझी तर चैनच झाली. क्लासमध्ये शिकलेल्या कळा, तीच बोटं, आणि समोर लगेच मराठी.

काय गर्दी असायची त्या पानावर! मलिद्यात गूळ घालायचा की साखर, यावर तिथे इतकं भांडण पेटलं होतं की दोन घरांचं बोलणं बंद झालं. कुणी विचारायचं, गाढी नदीला अजून पूर येतो का. कुणी सांगायचं, अमक्याची आई गेली. गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो का, असं एकाने विचारलं तेव्हा मी मुद्दाम गच्चीवर जाऊन बघून आले आणि लिहिलं, की समोर मोठी इमारत झाली आहे, पण पाण्याच्या टाकीवर चढलं तर दिसतो.

मग फोनवर ग्रुप आले आणि माणसं तिकडे गेली. मलाही एका ग्रुपात घेतलं होतं. सकाळी उठून बघावं तर गुलाबांचा ढीग. कुणी कुणाशी बोलत नाही, नुसती फुलं टाकून पुढे जातात. मी आठवड्यात बाहेर पडले. पानावर शेवटी आम्ही दोघीच उरलो. लग्नाचा हॉल रिकामा होतो, माणसं खुर्च्या रचायला लागतात आणि कोपऱ्यात दोन म्हाताऱ्यांचं बोलणं काही संपत नाही, तशा.

फोन का करत नाहीस, असं कुणीही विचारेल. ताईला ऐकू येत नाही. कानात यंत्र आहे, पण फोनवरचा आवाज तिला फुटका पत्रा वाजल्यासारखा लागतो. ती नुसती हं हं करते आणि मी ओरडून ओरडून शेवटी काय सांगायचं होतं तेच विसरते. व्हिडिओवर बोलावं तर तिचा मुलगा फोन धरतो. तो हसतो, ती हसते, मी हसते, आणि हसून झालं की बंद. मुलाला मराठीतले मावशी, छान आणि जेवलीस एवढे तीनच शब्द येतात. बाकी घर हिब्रू बोलतं. मेल पाठव म्हणाल, तर नव्या तऱ्हेने मराठी लिहायचं म्हणजे आधी इंग्रजीत स्पेलिंग करायचं आणि त्यातून मराठी निघायची वाट बघायची. आमच्या बोटांना मराठी येते. इंग्रजीतून मराठी त्यांना येत नाही, आणि या वयात ती शिकवायची माझी इच्छाही नाही.

तेव्हा एकुलतं एक ते पान होतं. तिकडच्या काळजीच्या बातम्या टीव्हीवर लागल्या, की मी टीव्ही बंद करून पान उघडायचे. ‘बाय, बरी आहे’ एवढं दिसलं की मला जेवण जायचं. बाय म्हणजे मी. मला बाय म्हणणारं आता जगात दुसरं कुणी नाही.

पण गेली दोनेक वर्षं तिचं लिहिणं आटलं होतं. पूर्वी पानभर लिहायची. सुनेने केलेलं जेवण कसं अळणी, बाजारात मिळणारी कोथिंबीर कशी बिनवासाची, नातवाने मिसरूड कसं ठेवलंय. ते हळूहळू दोन ओळींवर आलं. बाय, बरी आहे. हवा गरम. जेवले. शब्बाथ शालोम. संपलं. मी विचारलेल्या दहा गोष्टींपैकी एकीचं उत्तर असायचं, तेही तुटक. मला राग यायचा. खरं सांगायचं तर राग नव्हता, वाईट वाटायचं. मनात यायचं, तिला तिथे मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत, माझ्यासारख्या एकट्या बहिणीचं रडगाणं ती किती दिवस ऐकणार. ताट भरलेलं असलं की माणूस लोणच्याची चौकशी करत नाही. आणि गंमत अशी, की ती जितकं कमी लिहायची तितकं मी जास्त लिहायचे. कोळणीने रावस म्हणून भलताच मासा गळ्यात मारला इथपासून ते नव्या विमानतळावर जाणारी विमानं दुपारची झोप कशी मोडतात इथपर्यंत. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून सगळं त्या चौकटीत ओतायचे.

कॉम्प्युटर अधूनमधून एक पाटी दाखवायचा. नवं काही बसवायचं आहे, जुना ब्राउझर आता काढून टाकला जाईल. खाली दोन बटणं, ‘आता’ आणि ‘नंतर’. मी ‘नंतर’ दाबायचे. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा हजर, मी पुन्हा ‘नंतर’. सकाळी दूध तापवावं तसं ते एक कामच होऊन बसलं होतं.

आता शनिवारचं सांगायला हवं. नोकरी होती तोवर मी शब्बाथ कधी नीट पाळला नाही. कचेरीत कसला शब्बाथ. निवृत्त झाल्यावर पाळायला लागले, ते धार्मिक झाले म्हणून नाही. रिकाम्या घराला काहीतरी शिस्त हवी होती, आणि तिकडे ताईही त्याच वेळी हात बांधून बसलेली असते, हा एक आधार होता. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी ताईचा निरोप आला, की पान तसंच उघडं ठेवायचं आणि दिवा लावायचा. शनिवारी मी कशाला हात लावत नसे, पण येता जाता पडद्यावर तिच्या ओळी दिसायच्या. घरात कुणीतरी बसलंय असं वाटायचं.

दुसऱ्यालाही तू बटण दाब म्हणून सरळ सांगायचं नसतं. नुसतं बोलायचं, समजणारा समजतो. माझी शेजारीण समजते. ती आगरी, माहेर जासईचं. तिच्या लहानपणी जिथे भात आणि मिठागरं होती तिथे आता कंटेनर उभे आहेत, आणि आमची इमारत तिच्या सासऱ्यांच्या जागेवर उभी आहे. शनिवारी सकाळी ती डोकावते. मी म्हणते, उकडतंय बाई. ती पंखा लावते. मी म्हणते, चहाची आठवण येते. ती शेगडी पेटवते. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललेलं, आणि एकदाही तिचा अंदाज चुकला नव्हता.

त्या शनिवारी सकाळी मी खुर्चीत बसले होते. पडद्यावर ताईचा निरोप होता. तेवढ्यात पाटी आली. या वेळी तिच्यावर एक आकडा होता आणि तो खाली खाली येत होता. शून्यावर आला की कॉम्प्युटर स्वतःच सगळं करणार, असं खाली लिहिलेलं. ‘नंतर’चं बटण हाताच्या अंतरावर होतं. माझे हात मांडीवर होते. मनात म्हटलं, एवढ्याशा बटणाने काय होणार आहे, नोकरीत असताना शेकडो शनिवारी हजारो कळा दाबल्यास. आणि लगेच वाटलं, ताई आत्ता तिकडे बसलेली असेल आणि कशालाच हात लावत नसेल. मी हात उचलला नाही.

तेवढ्यात शेजारीण आली. माझ्या जिवात जीव आला. मी पडद्याकडे बघून म्हटलं, काय बाई ही कटकट, रोज माझ्या मागे लागते. माझा अर्थ साधा होता, की हिला घालव. शेजारणीने पदराला हात पुसले, पाटी वाचली, उंदीर हातात घेतला आणि मोठ्या विश्वासाने ‘आता’ दाबलं.

“करून टाकला, मावशी,” ती म्हणाली. “आता नाय मागं लागनार तुमच्या.”

तिचंही बरोबरच होतं. मागे लागणाऱ्याला हवं ते देऊन टाकावं, म्हणजे तो गप्प बसतो, हा तिचा घरचा अनुभव. तिचा मुलगा तिच्या फोनवर हेच करत असतो. माझे शब्दच सरळ नव्हते, तर तिला दोष काय देणार. तिने चहा ठेवला, पंखा लावला आणि गेली. पडदा काळा झाला, गोल गोल काहीतरी फिरलं, आणि ताईच्या ओळी होत्या तिथे कुठल्याशा डोंगराचं चित्र आलं. तो शनिवार मी कसा काढला, मलाच ठाऊक. चहा गार होऊन त्यावर साय धरली.

चांदण्या दिसल्यावर कॉम्प्युटरपाशी बसले. जुन्या ब्राउझरचं चिन्ह गेलं होतं. नव्यात पान उघडलं, तर पान तेच होतं, रंग तेच, चौकट तीच, फक्त मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, टक्क्यांच्या खुणा, यांची नुसती खिचडी. वीस वर्षांचं बोलणं, आईच्या वर्षश्राद्धाला ताईने लिहिलेलं, गूळ-साखरेचं भांडण, सगळ्याची खिचडी. मी पुष्कळ वेळ वरखाली करत राहिले. मग पदर डोळ्यांना लावला आणि रडले. घरात कुणी नसण्याचा एवढा एक फायदा असतो.

उरण नाक्याजवळचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सोमवारी आला. चांगला माणूस आहे, पण घाईत असतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सांगितलं, की जुना ब्राउझर आता परत येत नाही, कंपनीनेच बंद केलाय, आणि “मॅडम, ही साइटच गंडलेली आहे, सोडून द्या.” मी त्याला चहा विचारला नाही. त्याच दुपारी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, छान, छान. ताईला फोन दिला तर ती हं म्हणाली. मी विचारलं, बरी आहेस ना? ती हं म्हणाली. मी म्हटलं, आपलं पान गेलं गं. त्यालाही ती हं म्हणाली.

पुढचे काही दिवस मी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला. सकाळी उठावं, तर दाबायला ‘नंतर’ नाही. कोळणीशी भांडण झालं, तर ते सांगायला कुणी नाही. मी वडाळे तलावावर जाऊन बसायचे. तिथे बाकांवर माझ्याच वयाची माणसं बसतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. मीही बोलले गुडघ्यांबद्दल. घरी आल्यावर लक्षात यायचं, की दिवसभरात मला कुणी नावाने सुद्धा हाक मारलेली नाही, मग बाय तर लांबच.

शुक्रवार आला. दुपार झाली तशी सवयीने बसले आणि टॉवेल काढला. पानावर एक नवा निरोप होता, खिचडीतच. ती दोनच ओळींची खिचडी बघत होते, आणि टेबलावर माझी बोटं आपोआप हलली. निरोपाची सुरुवात होती सी, के आणि अर्धविराम. सी म्हणजे डाव्या हाताचं मधलं बोट, खालची रांग. के म्हणजे उजव्या हाताचं मधलं. अर्धविराम म्हणजे उजवी करंगळी. ब, काना, य.

बाय.

अक्षरं कुठेही गेली नव्हती. ती कळांची नावं होती फक्त, आणि त्या कळा माझ्या बोटांत होत्या. मी टेबलावर बोटं ठेवली आणि पडद्यावरची एकेक खूण बोटांनी दाबत गेले. डोळ्यांना काही कळत नव्हतं, बोटांना कळत होतं. दोन ओळी वाचायला मला भाताचा कुकर होईपर्यंतचा वेळ लागला. तिने लिहिलं होतं: बाय, आठवडा झाला, काही लिहिलं नाहीस. रागावलीस का? मी बरी आहे. शब्बाथ शालोम.

सूर्य मावळायला अवकाश होता. मी चौकटीत लिहायला बसले. कळ दाबली की समोर खिचडी उमटायची, पण मला ठाऊक होतं, ताईच्या जुन्या ब्राउझरमध्ये ती मराठी होऊन दिसेल. सरांनी हातांवर फडकं टाकल्यासारखं लिहिलं. शेजारणीचं लिहिलं, डोंगराच्या चित्राचं लिहिलं, दुरुस्तीवाल्याला चहा न दिल्याचं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की यापुढे मला तुझं बोटांनी वाचावं लागेल, वेळ लागेल, चुका झाल्या तर हसू नकोस, पण तू तुझा ब्राउझर कुणालाही काढू देऊ नकोस, निदान तुला तरी नीट दिसू दे.

उत्तर रविवारी आलं. लांब होतं. इतकं लांब तिने कितीतरी दिवसांत लिहिलं नव्हतं. ते वाचायला माझी सकाळ गेली आणि मध्ये एकदा उठून तोंड धुवावं लागलं.

“बाय,” ताईने लिहिलं होतं, “माझा जुना ब्राउझर नातवाने केव्हाच काढला. दोन वर्षं झाली असतील. तेव्हापासून मी बोटांनीच वाचते. लिहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, चूक राहिली तर कळत नाही, म्हणून मी दोनच ओळी लिहायचे आणि त्या तपासून तपासून पाठवायचे. तुझं मात्र सगळं वाचते. एकेक अक्षर. तुझ्या एका निरोपाला दोन दिवस लागतात. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू दया येऊन कमी लिहिलं असतंस.”

खाली आणखी एक ओळ होती. “घरात सगळे हिब्रू बोलतात, मला ऐकू येत नाही. दिवसभर मी तुझंच वाचत असते.”

रावसाची ती फसवणूक तिने बोटाबोटाने वाचली होती. विमानं, गुडघे, पाणी न येण्याच्या तक्रारी, सगळं. तिकडे तिचं ताट भरलेलं आहे असं मी धरून चालले होते आणि ती माझ्यासारखीच एका रिकाम्या खोलीत टेबलावर बोटं ठेवून बसली होती. मी तिच्यासाठी तो जुना ब्राउझर सांभाळत होते, आणि तिच्याकडे तो कधीचाच नव्हता. हे कळल्यावर मला हायसं वाटलं असेल, असं कुणी म्हणेल. मला फार एकटं वाटलं. तिचंही एकटेपण माझ्या घरात येऊन बसलं.

तिचे डोळे दुखतील म्हणून मग मी दोनदा थोडकंच लिहिलं. लगेच उत्तर आलं, की मंगळवारीच संपलं, बाकीचा आठवडा मी काय करू. तेव्हापासून पुन्हा लांब लिहिते. तिच्या लिहिण्यात आता चुका असतात. एका ओळीत तरी एखादा काना सुटलेला असतो, आणि ती तो तसाच पाठवते. तो गृहस्थ, ज्याने हे पान काढलं, तोही म्हातारा झाला असेल. तो गेल्यावर पान कोण चालू ठेवील, हे आम्ही एकमेकींना विचारत नाही.

परवाच्या शनिवारी मी दिव्याशेजारी बसून मांडीवर बोटं हलवत होते. पूर्वी तिचा शुक्रवारचा निरोप चहाच्या आधी संपायचा, आता शनिवार संपेपर्यंत पुरवते. शेजारीण आली, पंखा लावला आणि पडद्याकडे बघून हळहळली. तिला वाटलं, तिच्या हातून बिघडलेलं अजून तसंच आहे.

“बिघारलाय ना ह्यो अजून? बंद करू का, मावशी?” ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

शब्बाथला आडून बोलायचं असतं. मी सरळच बोलले.

“हात लावू नकोस. ताई बोलतेय.”